रविवारची भाकरी : एका उंची उपाहारगृहातील उलटसुलट अनुभवांचे प्रकरण

छत्रपती संभाजीनगरातील एका उंची उपाहारगृहाच्या मालकांनी मला बोलावले, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न वरवर साधा होता, पण त्याचे उत्तर त्यांना चार महिने सापडलेले नव्हते. एकाच आठवड्यात, एकाच स्वयंपाकघरातले, त्याच आचाऱ्यांच्या हातचे जेवून गेलेल्या लोकांपैकी काही जण ‘या शहरात असे जेवण दुसरीकडे मिळत नाही’ असे सांगत, तर काही जण पुन्हा न येण्याचे बजावून निघून जात. ‘ठीक आहे’ म्हणणारे, मधले लोक जवळजवळ नव्हतेच. मालकांनी आचारी बदलून पाहिला, मेनू छोटा केला, वेटरांना नवा पोशाख दिला, तरी तक्रारींचे आणि कौतुकाचे प्रमाण जसेच्या तसे राहिले. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांची मांडणी आणि वाढपाची पद्धत तपासणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. या प्रकरणात जे दिसले ते मराठवाड्यात घरगुती पद्धतीचे जेवण विकू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे असे मला मनापासून वाटते, म्हणून मालकांच्या संमतीने ते सविस्तर लिहीत आहे. त्यांच्या विनंतीनुसार उपाहारगृहाचे आणि तेथील माणसांचे नाव दिलेले नाही.

जागा आणि तिने दिलेला शब्द

उपाहारगृह शहराच्या नव्या, रुंद रस्त्यांच्या भागात आहे. एका वेळी सुमारे नव्वद माणसे बसतात. भिंतींवर हिमरूच्या नक्षीची कापडे आहेत, ताटे जड काशाची आहेत आणि दर शहराच्या मानाने चढे आहेत. येणारे ग्राहक ढोबळमानाने तीन प्रकारचे. चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथील कारखान्यांचे अधिकारी आपल्या बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन येतात. वेरूळ-अजिंठा पाहायला आलेले प्रवासी संध्याकाळी येतात. आणि शहरातली, तशीच जालना-बीडकडची कुटुंबे वाढदिवस, साखरपुडा, मुलाचा निकाल अशा निमित्ताने येतात. पहिले दोन प्रकार आठवडाभर विखुरलेले असतात, तिसरा प्रामुख्याने शनिवारी आणि रविवारी रात्री.

मेनूचे दोन भाग आहेत. एका भागात तंदूरचे पदार्थ, पनीर, बिर्याणी आणि या शहराची ओळख असलेला नानखलिया, म्हणजे नान आणि मटणाचा मसालेदार रस्सा, आहे. दुसऱ्या भागाला ‘मराठवाड्याचे ताट’ असे नाव दिलेले आहे, आणि त्यात ज्वारीची भाकरी, येसर आमटी, पिठले, काळ्या मसाल्यातले मटण, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि शेवटी खव्याची पोळी येते. या ताटाखाली एक वाक्य ठळक छापलेले होते : ‘तव्यावरून थेट ताटात, घरच्यासारखी गरम भाकरी.’ पुढे जे घडत होते त्याचे मूळ या वाक्यात होते, पण ते माझ्याही लक्षात पहिल्या तीन दिवसांत आले नाही.

मालकांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, हे येथेच नोंदवतो. कोठारात मी स्वतः पाहिले : बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच, वसमतची हळद, कुंथलगिरीचा खवा आणि जालन्याकडची दगडी ज्वारी. अलीकडच्या वर्षांत भौगोलिक मानांकन मिळालेला हा मराठवाड्याचा माल मेनूवर नावापुरता छापून कोठारात दुसराच ठेवणे अवघड नसते. येथे तसे केलेले नव्हते. ज्वारी आठवड्याला लागेल तेवढीच दळून आणली जात होती, आणि हे खर्चाचे काम आहे.

बुधवार आणि रविवार

मी आठ संध्याकाळी कोपऱ्यातल्या एका टेबलावर बसलो. ऑर्डर स्वयंपाकघरात जाते ती चिठ्ठी, जिला सगळे ‘केओटी’ म्हणतात, तिच्यावरची वेळ आणि पदार्थ टेबलावर आल्याची वेळ अशा दोन नोंदी मी ठेवल्या. निघताना ज्यांची तयारी होती त्यांच्याशी बोललो. आठांपैकी दोन संध्याकाळी येथे सांगतो, कारण बाकीच्या या दोहोंच्याच आवृत्त्या होत्या.

बुधवारी शेंद्र्याच्या एका कारखान्यातले दोन अधिकारी आपल्या दोन पाहुण्यांना घेऊन आले. कॅप्टनने, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाने, त्यांना नानखलियाबद्दल सांगितले : मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला आणली, आणि त्याच्या लष्कराबरोबर हा पदार्थ येथे आला असे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पाहुण्यांना गोष्ट आवडली. कबाब बारा मिनिटांत आले, नान आणि खलिया अठरा मिनिटांत, दोन्ही वाफाळते. दुसरी रोटी मागितली तेव्हा ती तीन मिनिटांत आली. बिल आले तेव्हा चौघेही गप्पांत होते. एकाने न वाचताच कार्ड पुढे केले आणि जाताना कॅप्टनशी हस्तांदोलन केले.

रविवारी सव्वाआठला जालन्याकडचे नऊ जणांचे कुटुंब आले. आजोबा माळकरी होते, गळ्यात तुळशीची माळ. आजी, दोन मुलगे, दोन सुना, तीन नातवंडे. नातीला महाविद्यालयात हवा तो प्रवेश मिळाला होता, त्याचा हा समारंभ होता. आजोबांनी वेटरला पहिला प्रश्न विचारला तो असा, की भाकरीचा तवा वेगळा असतो का. वेटरने ‘सब अलग है, अंकल’ असे उत्तर दिले. त्याला वस्तुस्थिती माहीत नव्हती. भाकरीचा तवा मटण परतण्याच्या शेगडीला लागून होता आणि घाईच्या वेळी त्याच तव्यावर इतर गोष्टीही गरम केल्या जात, हे मी दुपारीच पाहिले होते. आजोबांनी विश्वास ठेवून ताट मागवले. नऊपैकी सहा जणांनी तेच मागवले.

आमटी, पिठले आणि चटण्या आठ पन्नासला आल्या. भाकरी आली नाही. नऊ वाजून बारा मिनिटांनी दोन भाकऱ्या आल्या. त्या साहजिकच आजोबांच्या आणि आजींच्या ताटात गेल्या, पण मुलांच्या ताटात काही नसताना त्यांनी घास घेतला नाही. आणखी दोन भाकऱ्या नऊ वीसला आल्या तेव्हा पहिल्या दोन वातड झाल्या होत्या आणि पिठल्यावर साय धरली होती. मोठ्या मुलाने तीनदा वेटरला बोलावले. तिसऱ्यांदा वेटर त्या बाजूला यायचेच टाळू लागला. हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. ज्याच्याकडे उत्तर नाही अशा नोकराला त्या टेबलाकडे पाहणेही नकोसे होते, आणि पाहुण्यांना तो उर्मटपणा वाटतो. शेवटी धाकट्याने तंदुरी रोट्या मागवल्या. त्या चार मिनिटांत आल्या.

निघताना आजी माझ्याशी बोलल्या. त्यांच्या आवाजात राग कमी आणि नवल जास्त होते. “घरी एकटी बाई धा जणांला गरम वाढती. हितं एवढे माणसं असून भाकर येईना व्हय?” हा प्रश्न मी वहीत लिहून घेतला. उरलेला सगळा अभ्यास त्याच एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गेला.

जी कारणे सांगितली गेली

मालकांचे मत होते की लोकांना उंची ठिकाणी कसे जेवावे याची सवय नाही. एक-एक पदार्थ सावकाश येतो हे त्यांना समजत नाही. मुख्य आचाऱ्याचे मत होते की रविवारची गर्दीच अशी असते की काहीतरी बिनसणारच. असमाधानी ग्राहकांपैकी बहुतेकांना वाटत होते की साध्या कपड्यांतल्या, मराठी बोलणाऱ्या कुटुंबांकडे मुद्दाम दुर्लक्ष होते आणि इंग्रजी बोलणाऱ्यांची सरबराई होते.

शेवटच्या तक्रारीकडे मी सर्वांत गंभीरपणे पाहिले, कारण ती खरी असती तर बाकी काही सुधारून उपयोग नव्हता. मी नोंदी कुटुंबानुसार, भाषेनुसार, टेबलाच्या जागेनुसार लावून पाहिल्या. रविवारी रात्रीच, तशाच गर्दीत, जुन्या शहरातून आलेले सात जणांचे एक कुटुंब नानखलिया खाऊन अगदी तृप्त होऊन गेले. त्यांच्याही घरची आजी होती, त्यांचेही कपडे साधेच होते. उलट एका शनिवारी दोन डॉक्टर दांपत्ये, इंग्रजीत बोलणारी, महागडी गाडी घेऊन आलेली, पाऊण तास थांबून चिडून गेली. त्यांनी ताट मागवले होते. चिठ्ठ्या पदार्थानुसार लावल्या तेव्हा चित्र स्वच्छ झाले : गर्दीच्या रात्री ज्यांच्या चिठ्ठीवर भाकरी होती ते जवळजवळ सगळे नाराज होते आणि ज्यांच्या चिठ्ठीवर नव्हती ते जवळजवळ सगळे खूश. आठवड्याच्या मधल्या दिवशी भाकरी मागणारेही खूशच होते, कारण तेव्हा त्या मागणारे थोडे असत.

त्यामुळे ज्यांना आपल्याशी भेदभाव झाला असे वाटले त्यांची वेदना खोटी ठरत नाही. भाकरी मागवणारे बहुतांशी येथले लोक, विशेषतः वडीलधारी आणि खेड्याशी नाते टिकवून असलेले लोक होते. या मातीतल्या माणसाने या मातीतले अन्न मागितले की त्यालाच ताटकळावे लागत होते. हेतू कोणाचाच वाईट नव्हता, पण परिणाम तोच होत होता.

भाकरीचे गणित

ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो. गव्हाच्या कणकेला धरून ठेवणारे ग्लूटेन ज्वारीत नाही. म्हणून ते गरम पाण्यात मळावे लागते, म्हणजे पिठातला स्टार्च फुगून गोळ्याला चिकटपणा येतो. हा चिकटपणा फार टिकत नाही. मळून ठेवलेला गोळा थोड्याच वेळात कोरडा पडतो, थापताना कडा चिरतात. पीठ जुने झाले तर त्याची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, जाते आणि मग कितीही निष्णात बाई असली तरी भाकरी तुटते. त्यामुळे कणकेचे गोळे दुपारीच करून फ्रीजमध्ये ठेवण्याची जी सोय तंदूरच्या माणसाला आहे ती भाकरी करणारीला नाही. तिला एका भाकरीपुरते, फार तर दोन भाकऱ्यांपुरते पीठ काढून ते मळायचे, थापायचे, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, आणि मग दुसरी बाजू विस्तवावर धरून फुगवायची असते. भाकरी टम्म फुगून तिला पापुद्रा सुटला तरच ती भाकरी. नाही तर तिला लोक थापलेले पीठ म्हणतात, आणि बरोबर म्हणतात.

या उपाहारगृहात भाकरी करणाऱ्या एक मावशी होत्या, पन्नाशीच्या पुढच्या, हाताला अतिशय चांगल्या. त्यांच्याकडे एक तवा आणि एक शेगडी. एक भाकरी तव्यावर असताना त्या दुसरी थापत. मी घड्याळ लावून बसलो तेव्हा सरासरी दोन मिनिटांना एक भाकरी उतरत होती, म्हणजे तासाला तीस, तेही मध्ये कोणी ‘मावशी, जरा हे गरम करून द्या’ म्हणून तवा मागितला नाही तर. शेजारच्या तंदुरात एका वेळी आठ-दहा रोट्या लागत होत्या आणि दीड-दोन मिनिटांत निघत होत्या.

आता त्या रविवारचा हिशेब. सव्वाआठ ते साडेनऊ या वेळात मोठ्या कुटुंबांची सहा टेबले भरली. त्यांतल्या अडतीस जणांनी ताट मागवले. माणशी दोन भाकऱ्या धरल्या तर शहात्तर भाकऱ्या होतात, आणि तासाला तीसच्या वेगाने त्यांना अडीच तास लागतात. सव्वाआठला आलेल्या माणसाची दुसरी भाकरी पावणेअकराला येणार, हे आठ वाजताच सांगता आले असते. मुख्य आचारी हाताखालच्या लोकांवर ओरडत होता, कॅप्टन मावशींच्या मागे उभा राहून घाई करत होता, आणि या घाईत मावशी भाकऱ्या नीट न भाजता उतरवू लागल्या. म्हणजे उशीर होताच, शिवाय चवही गेली.

पण आजींचा प्रश्न यानेही सुटत नव्हता. घरी एक बाई दहा जणांना गरम वाढते हे तर खरेच आहे. मीही माझ्या आईला तसे वाढताना पाहतच मोठा झालो. मग घरी जे जमते ते येथे का जमत नाही? पुढच्या दोन दिवसांत मी मावशींशी निवांत बोललो तेव्हा त्यांनीच ते उलगडून सांगितले. घरी दहा जण एकदम जेवत नाहीत. आधी लेकरे बसतात, मग पुरुष माणसे, मग सासूबाई. पहिल्याच्या ताटात अर्धी भाकरी पडते, तो ती खाईपर्यंत दुसऱ्याची उतरते. कोणाला दोन मिनिटे थांबावे लागले तर तो चुलीपुढे बसून बोलत असतो, आणि भाकरी भाजताना त्याला दिसत असते. आणि करणारी बाई शेवटी, उरलेल्या पिठाची, बहुधा गार भाकरी खाते. ‘घरच्यासारखी गरम’ या दोन शब्दांत एवढी व्यवस्था दडलेली असते, आणि तिचा सगळा भार एका बाईवर असतो.

उपाहारगृहात नऊ जण एका वेळी टेबलाला बसतात, सुना आणि आजीसुद्धा. तसे बसता यावे म्हणूनच तर ते बाहेर जेवायला आलेले असतात, आणि ते मला फार योग्य वाटते. पण नऊ जणांच्या ताटात एकाच वेळी गरम भाकरी वाढणे ही गोष्ट घरानेसुद्धा कधी केलेली नाही. मेनूवरचे वाक्य घराच्या नावाने असे काही कबूल करत होते, की जे करायला एकाच वेळी चार-पाच बायांनी थापायला बसावे लागते. लग्नाकार्यात किंवा देवस्थानच्या भंडाऱ्यात तसे बसतातच, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. त्या एका वाक्यामागे किती हातांचे काम उभे आहे, याची मोजणी कोणीच केली नव्हती.

नानखलियाचे कुटुंब त्याच रात्री तृप्त का झाले तेही यातून कळते. तो अनेकांना एकदम वाढण्याचा पदार्थ आहे. खलिया मोठ्या डेगेत तासन्‌तास शिजतो आणि थांबल्याने बिघडत नाही, उलट मुरतो. नान तंदुरात घाण्यावारी निघतात. लष्कराची कथा ऐतिहासिकदृष्ट्या जेवढी खरी असेल तेवढी असो, त्या पदार्थाची घडण पंक्तीसाठीच झालेली आहे. भाकरीची घडण एका चुलीसाठी झालेली आहे. एकाच चिठ्ठीवर, एकाच वेळेच्या अपेक्षेने हे दोन पदार्थ लिहिले जात होते.

बिलावरची एक ओळ

रविवारच्या रागाला अखेरचे निमित्त बिलाने दिले. बिलात दहा टक्के सेवाशुल्क आपोआप लावलेले होते. बुधवारी तेच शुल्क चौघांनी वाचलेही नव्हते. सव्वा तास भाकरीची वाट पाहिलेल्या घरातल्या मोठ्या मुलाने मात्र त्या ओळीवर बोट ठेवून विचारले, “ही कोणत्या सेवेची रक्कम?” कॅप्टनने ‘हॉटेलचा नियम आहे’ असे उत्तर दिले, आणि येथे उपाहारगृह उघडच चुकीचे होते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून सांगितले आहे की उपाहारगृहाने सेवाशुल्क आपोआप बिलात घालू नये, दुसऱ्या कोणत्याही नावाने ते घेऊ नये, त्यासाठी ग्राहकावर सक्ती करू नये, ते ऐच्छिक आहे हे त्याला स्पष्ट सांगावे आणि ते बिलात मिसळून एकूण रकमेवर जीएसटी लावू नये. हॉटेलचालकांच्या संघटना याविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि काही काळ या सूचनांना स्थगितीही होती. मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी निकाल देऊन त्या कायम ठेवल्या. रक्कम किती मोठी होते ते पाहा. ५,००० रुपयांच्या जेवणावर दहा टक्के सेवाशुल्क म्हणजे ५०० रुपये, आणि ५,५०० वर पाच टक्के जीएसटी म्हणजे २७५, एकूण ५,७७५. सेवाशुल्क नसते तर हेच बिल ५,२५० झाले असते. बक्षिशी देणे हा देणाऱ्याचा आनंद असतो. येथे तो आधीच कापून घेतलेला होता. अशा वेळी ग्राहकाने ती ओळ काढून टाकायला सांगावी, आणि ऐकले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी.

बाटलीबंद पाण्याचा वाद थोडा वेगळा होता. टेबलावर बसताच न विचारता बाटल्या फोडल्या जात आणि त्यांचे दर छापील किमतीपेक्षा जास्त लावले जात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असे मानले आहे की हॉटेलात बाटली विकताना सेवाही दिली जात असल्याने छापील किमतीचे बंधन तेथे त्याच रीतीने लागू होत नाही, त्यामुळे दराबाबत उपाहारगृहाला दोष देता येणार नाही. न विचारता बाटली फोडण्याबाबत मात्र देता येतो. या शहरात नळाला कैक दिवसांआड पाणी येते आणि उन्हाळ्यात टँकरवर भागवावे लागते. शुद्ध केलेले पाणी द्यायला खर्च येतो हे मी मान्य करतो. तरीही पाहुणा आला की आधी तांब्या पुढे करण्याची रीत असलेल्या प्रदेशात, पहिल्याच मिनिटाला पैशाचे पाणी समोर येणे लोकांच्या मनाला लागते, आणि ते लागणे मला समजते.

चवीबद्दलच्या काही तक्रारी मात्र मला पटल्या नाहीत. काळ्या मसाल्याचे मटण पुरेसे तिखट नाही असे बीडकडचे लोक म्हणत आणि फार तिखट आहे असे प्रवासी म्हणत. आचाऱ्याने घेतलेली मधली वाट समंजस होती. येसर आमटी तर मी अलीकडे खाल्लेल्यांपैकी सर्वांत चांगली होती.

काय बदलले

मालकांची पहिली सूचना भाकरीचे यंत्र आणण्याची होती. एका दुपारी नमुन्याला आणून पाहिले. भाकऱ्या एकसारख्या आणि भराभर निघाल्या, पण जाड होत्या आणि त्यांना पापुद्रा सुटला नाही. मावशींनी एक तुकडा तोंडात टाकून काही न बोलता बाजूला ठेवला. मी यंत्राला विरोध केला; मोठ्या खानावळीत त्याची गरज असेलही, पण जेथे भाकरीच्या नावाने चढा दर घेतला जातो तेथे ती हाताचीच हवी असे माझे ठाम मत आहे.

त्याऐवजी भाकरीची जागा मटणाच्या शेगडीपासून काढून दालनाच्या एका बाजूला, काचेमागे नेली. तेथे दोन शेगड्या आणि चार तवे बसले, आणि आणखी एक बाई कामाला आल्या. या जागेत मांसाहारी काहीही शिजत नाही, त्यामुळे माळकरी माणसाला वेटरच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. तो स्वतः पाहू शकतो. भाजताना दिसते म्हणून थांबणेही सुसह्य झाले, जसे घरी चुलीपुढे होते. दोघी मिळून तासाला सत्तरच्या पुढे जाऊ लागल्या.

वाढण्याचा क्रम उलटा केला. पूर्वी आमटी आधी जाई आणि भाकरीची वाट पाहत थंड होई. आता सहाहून अधिक ताटे असतील तर ज्वारीच्या लाह्या आणि धपाट्यांचे तुकडे दह्याबरोबर आधी जातात. धपाटे आधी करून ठेवता येतात, मराठवाड्यात प्रवासाची शिदोरी म्हणून ते बांधून नेतात ते त्यामुळेच. भाकऱ्या उतरू लागल्या की मगच आमटी वाटीत पडते. प्रत्येकाला आधी अर्धी-अर्धी भाकरी वाढण्याची युक्ती मावशींनी सुचवली, आणि सर्वांत जास्त फरक तिने पडला असे माझ्या नोंदी सांगतात : नऊ जणांपुढे पाच भाकऱ्यांतच एकदम काहीतरी गरम येते आणि सगळे बरोबर जेवायला सुरुवात करतात. टेबल राखून ठेवण्यासाठी फोन आला की भाकरी खाणारे किती, हे विचारले जाते. कॅप्टनला उशीर होणार असेल तर तो मिनिटांत सांगायचा अधिकार दिला. सेवाशुल्काची ओळ बिलातून काढली. पाण्यासाठी आधी विचारले जाते. मेनूवरचे ते वाक्य बदलून ‘भाकरी हाताने थापलेली आहे, गर्दीच्या वेळी थोडा वेळ लागतो’ असे साधे लिहिले.

वेतनाबाबत माझी सूचना अर्धीच मान्य झाली. मावशींची नोंद हेल्पर म्हणून होती आणि त्यांचा पगार तंदूरच्या उस्तादापेक्षा बराच कमी होता. ज्या वस्तूच्या नावावर ताटाचा दर ठरतो ती करणारीला स्वयंपाकघरात सर्वांत खालची जागा असावी, हे मला अन्यायाचे वाटते आणि मी ते मालकांना तसेच सांगितले. त्यांनी पगार वाढवला, पण उस्तादाच्या बरोबरीने नाही. हा विषय आमच्यात अजून संपलेला नाही.

दुसरी एक अडचण उरली आहे. दोघी मावशी दूरच्या वस्त्यांतून येतात आणि रात्री उशिरा परतणे त्यांना शक्य नाही. उपाहारगृहाची गाडी त्यांना दहाला सोडायला निघते. कुटुंबे मात्र रविवारी साडेनऊनंतरही येत राहतात. म्हणून भाकरीची शेवटची ऑर्डर पावणेदहाला बंद होते आणि तसे दारातच सांगितले जाते. मी शेवटचा गेलो त्या रविवारी पावणेदहानंतर तीन कुटुंबे आली. दोन दारातूनच परत गेली. तिसऱ्यातल्या वडिलांनी काचेमागे पुसून पालथे ठेवलेले तवे पाहिले, घरच्यांना विचारले, आणि तंदुरी रोटीवर राजी होऊन सगळे आत बसले.